मॅग्नेट चढवताना कंट्रोलर ‘क्वेंच’ दाखवून थांबतो, पण हेलियम जागच्या जागी: काय काय तपासायचं

लक्षणं साधारण अशी असतात. द्रव हेलियममध्ये थंड ठेवलेल्या अतिवाहक (म्हणजे शून्य रोधाच्या तारेच्या) मॅग्नेटचा रॅम्प, म्हणजे ठरल्या वेगाने करंट चढवणं, सुरू केलेला आहे, करंट निवांत चढतो आहे आणि मध्येच कंट्रोलर ट्रिप होतो. पडद्यावर ‘क्वेंच’ (म्हणजे तारेची अतिवाहकता अचानक गेली), आउटपुट शून्य. क्रायोस्टॅट, म्हणजे मॅग्नेट आणि हेलियमचं भांडं, मात्र गप्प. ना पांढऱ्या वाफेचा लोट, ना व्हेंटचा आवाज, ना हेलियम परत गोळा करणाऱ्या रिकव्हरीच्या नळीत जोर. हेलियमची पातळी पाहिली तर होती तिथेच. रीसेट करून परत चढवलं तर कधी सुरळीत चढतो, कधी पुन्हा अडतो.

नेमकं कुठे अडतो, हे आधी कागदावर लिहा. माझ्या पाहण्यात चार तऱ्हा आल्या आहेत:

- दर वेळी जवळपास त्याच करंटला.
- मॅग्नेटच्या स्विचचा हीटर (तो काय करतो ते खाली येतं) चालू केल्या केल्या.
- फील्ड मॅग्नेटमध्ये कोंडून झाल्यावर, सप्लायचा करंट खाली आणताना.
- केव्हाही, काही नेम नाही.

यांतली तुमची तऱ्हा कोणती हे कळलं की अर्धं काम झालं. रीसेटचं बटण दाबण्याच्या घाईत नेमकी हीच नोंद राहून जाते आणि मग मला फोन येतो, “सर, क्वेंच झाला.” किती अँपिअरला झाला, विचारलं की पलीकडे शांतता.

पुढचे आकडे आमच्या मॅग्नेटचे आहेत: नायोबियम-टायटॅनियमचा ९ टेस्लाचा सोलेनॉइड, ४.२ केल्विनच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेला, पूर्ण फील्डला ९० अँपिअर, इंडक्टन्स १२ हेन्री. तुमचे आकडे मॅग्नेटबरोबर आलेल्या टेस्ट शीटवर असतील. ती शीट सापडत नसेल तर आधी ती शोधा. तिच्याशिवाय खालचं काहीच तपासता येणार नाही.

कंट्रोलरला मॅग्नेट दिसत नाही

कंट्रोलरच्या हाती दोनच गोष्टी असतात, स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि तिथून वाहणारा करंट. आपण सांगितलेला करंट आणि प्रत्यक्ष वाहणारा करंट यांत फार फरक पडला, किंवा व्होल्टेजने अचानक उडी मारली, की तो त्याला क्वेंच म्हणतो. खऱ्या क्वेंचमध्ये असंच होतं, म्हणून. पण ढिला नट, चुकीची सेटिंग किंवा उतावळा प्रोग्रॅमही टर्मिनलवर अगदी तेच चित्र उभं करतो. म्हणून पडद्यावरच्या शब्दाला निदान समजू नका.

सगळ्यात आधी: खरा की खोटा, आणि आत करंट उरलाय का

खरा क्वेंच लपत नाही. ९० अँपिअरला आमच्या मॅग्नेटमध्ये ४८,६०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते (१२ गुणिले ९० चा वर्ग, त्याचं निम्मं). एक लिटर द्रव हेलियमची वाफ व्हायला साधारण २.६ किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळी ऊर्जा हेलियममध्ये गेली तर १८-१९ लिटर द्रव काही सेकंदांत उकळतं, आणि खोलीच्या तापमानाला त्याचा १३-१४ घनमीटर वायू होतो. हा प्रकार कॉरिडॉरमध्येही ऐकू येतो. तसं झालं असेल तर तपासणी वगैरे काही नाही: दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, ऑक्सिजन मॉनिटर १९.५ टक्क्यांच्या वर स्थिरावल्याशिवाय आत जाऊ नका. हेलियम छताशी साठतो आणि त्याला वास नसतो.

तसं काही झालं नसेल तर ट्रिप बहुधा खोटा आहे. आता पुढचा प्रश्न, आणि हा मी सगळ्यांत गंभीर मानतो: मॅग्नेट खरोखर रिकामा झालाय का?

ट्रिप होताच कंट्रोलर आउटपुट शून्याकडे नेतो, आणि बरेच कंट्रोलर त्याच क्षणी स्विच हीटरही बंद करतात. पर्सिस्टंट स्विच म्हणजे मॅग्नेटच्या दोन टोकांना जोडलेला अतिवाहक तारेचा तुकडा. हीटरने तो तापवला की त्याची अतिवाहकता जाते (स्विच ‘उघडतो’) आणि सप्लायचा करंट मॅग्नेटमध्ये शिरतो. हीटर बंद केला की तो थंड होऊन पुन्हा अतिवाहक होतो (स्विच ‘मिटतो’) आणि मॅग्नेटमधला करंट आतल्या आत फिरत राहतो; हाच पर्सिस्टंट मोड. तेव्हा ट्रिपनंतर अर्ध्या मिनिटात स्विच मिटला आणि तोवर करंट पुरता उतरला नसेल, तर तो आत कोंडला जातो. पडद्यावर ०.०० अँपिअर, आत मात्र पन्नास. लाइट गेल्यावरही हेच होतं.

म्हणून पडद्यावर विसंबू नका. हातातला गॉसमीटर घ्या आणि क्रायोस्टॅटच्या बाहेर ठरलेल्या जागी धरा. आमच्याकडे त्या जागी मार्कर पेनाने खूण केली आहे आणि शेजारी कागद चिकटवला आहे: २० अँपिअरला खुणेवर किती गॉस, ४० ला किती, ६० ला किती. मॅग्नेट धडधाकट असताना एका दुपारी हा तक्ता करून ठेवा. तेवढ्या दुपारीने आमचं हेलियम किती वेळा वाचवलं, मोजलेलं नाही. चिन्हही लिहा. उणे ५० आणि अधिक ५० यांत १०० अँपिअरचा फरक असतो.

आत करंट सापडला तर हीटर बंदच ठेवून सप्लाय हळूहळू तेवढ्याच अँपिअरला, त्याच दिशेने न्या. मगच हीटर चालू करा, थांबा आणि मग उतरवा. फरक मोठा असताना हीटर चालू केला तर खोट्या क्वेंचचा खरा करून दाखवाल. बऱ्याच कंट्रोलरमध्ये जुळणी न पाहता हीटर सक्तीने चालू करायची कमांड असते. ती कमांड आमच्या प्रोग्रॅममधून मी काढूनच टाकली आहे.

व्होल्टेजची मर्यादा आणि रॅम्पचा वेग: फुकटातली तपासणी

दर वेळी त्याच करंटला अडतो, या तऱ्हेत माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच सापडतो.

मॅग्नेटवरचं व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंट बदलायचा वेग. आमचा वेग सेकंदाला ०.१ अँपिअर, म्हणजे १.२ व्होल्ट. वेग तोच ठेवला तर हे रॅम्पभर सारखंच राहतं. पण सप्लायपासून मॅग्नेटपर्यंतच्या केबल आणि लीड्स अतिवाहक नाहीत. त्यांचा रोध आमच्याकडे ५ मिलिओहम आहे, आणि त्यांवरचं व्होल्टेज करंटबरोबर वाढत जातं: ६० अँपिअरला ०.३, ९० ला ०.४५.

एका विद्यार्थ्याने व्होल्टेजची मर्यादा १.५ वर ठेवली होती, “सुरक्षित राहावं म्हणून”. आता हिशेब करा. १.२ अधिक ०.३ म्हणजे १.५, आणि ते बरोबर ६० अँपिअरला, ६ टेस्लाला गाठलं जातं. तिथून पुढे सप्लायला व्होल्टेज वाढवता येईना, करंट सांगितल्यापेक्षा मागे पडायला लागला, फरक वाढला आणि कंट्रोलर म्हणाला क्वेंच. मॅग्नेट ६ टेस्लाच्या वर जातच नाही, गुंडाळी खराब झालीय, इथवर चर्चा पोचली होती. मर्यादा २ व्होल्ट केली आणि त्याच संध्याकाळी ९ टेस्ला मिळाले.

तेव्हा तुमचं इंडक्टन्स, वेग आणि लीड्सचा रोध घेऊन कागदावर हिशेब मांडा. मर्यादा त्याहून थोडी वर हवी, पण टेस्ट शीटवरच्या कमाल आकड्याच्या आत. ती डोळे मिटून वाढवू नका. वेग कमी करणं नेहमीच जास्त सुरक्षित.

वेगाचं एककही तपासा. काही मेनूत वेग सेकंदाला असतो, काहींत मिनिटाला. मिनिटाला ६ अँपिअर म्हणजे आमचा नेहमीचा ०.१. तोच ६ चा आकडा सेकंदाच्या रकान्यात गेला तर मॅग्नेटवर ७२ व्होल्ट मागितले जातील. सप्लाय ते देणार नाही, पण ट्रिप नक्की होईल. कमाल वेगाची मर्यादा कंट्रोलरच्या आतच घालून ठेवा, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये नव्हे. प्रोग्रॅम दर वर्षी नवा विद्यार्थी नव्याने लिहितो.

वरच्या टप्प्यात वेग कमी करणंही गरजेचं. आम्ही ६० पर्यंत ०.१, ८० पर्यंत ०.०६ आणि शेवटचे दहा अँपिअर ०.०३ ने चढवतो. फील्ड वाढतं तशी तारेची सहनशक्ती कमी होते, तिथे घाई परवडत नाही.

नायोबियम-टिनची गुंडाळी असेल आणि ट्रिप कमी फील्डलाच होत असेल, तर तारेतला चुंबकीय प्रवाह झटक्याझटक्याने सरकत असण्याची शक्यता असते. त्याने व्होल्टेजचे बारीक काटे दिसतात. अशा वेळी त्या टप्प्यात वेग घटवून पाहा.

स्विच हीटर: इथे जास्त वेळ द्या

हीटर चालू केल्यावर किंवा लीड्स उतरवताना ट्रिप होत असेल तर पुढचं सावकाश वाचा.

पहिली खूण अगदी सोपी आहे. रॅम्प सुरू करा आणि पहिल्या दोन-तीन अँपिअरमध्ये व्होल्टेजकडे बघा. स्विच नीट उघडला असेल तर ते लगेच १.२ च्या आसपास जातं. ते काही मिलिव्होल्टवरच घुटमळत असेल तर करंट मॅग्नेटमध्ये जातच नाही, मिटलेल्या स्विचमधून परत येतोय. तिथेच थांबवा आणि शून्यावर या. तसंच चढवत राहिलात आणि तीसएक अँपिअरला हीटर उशिरा जागा झाला, तर तो सगळा करंट एका क्षणात मॅग्नेटकडे ढकलला जातो, व्होल्टेज उडी मारतं आणि ट्रिप ठरलेला.

हीटर का जागा होत नाही? बहुधा त्याचा करंट कमी असतो. आमच्या हीटरला ६० मिलिअँपिअर लागतात. कुणीतरी दुसऱ्या मॅग्नेटसाठी ते ४० केले आणि परत बदलायला विसरलं. ४० ला स्विच कधी उघडतो, कधी अर्धवट, आणि मग ‘केव्हाही ट्रिप’ ही तऱ्हा दिसते. उलट करंट फार वाढवला तर हेलियम जातं. ८० ओहमच्या हीटरला ६० मिलिअँपिअर म्हणजे सुमारे ०.३ वॅट, तेवढ्यानेही तासाला ०.४ लिटर उकळतं. त्यामुळे शीटवर दिलाय तोच आकडा ठेवा.

दुसरं म्हणजे थांबायचा वेळ. हीटर चालू केल्यावर ३० सेकंद आणि बंद केल्यावरही किमान ३० सेकंद. बंद केल्यावरचं थांबणं लोकांना फुकट वाटतं. ते का लागतं ते सांगतो. स्विच मिटला असं समजून कंट्रोलर लीड्स जलद वेगाने उतरवतो, आमच्याकडे सेकंदाला १ अँपिअर. लीड्समध्ये इंडक्टन्स नगण्य, म्हणून तो वेग चालतो. पण स्विच अजून गरम असेल तर तोच वेग मॅग्नेटच्या वाट्याला येतो: १२ हेन्री गुणिले १ म्हणजे १२ व्होल्ट. मर्यादा २ व्होल्टची. ट्रिप. पर्सिस्टंट मोडमध्ये जातानाच ट्रिप होतो, अशी तक्रार आली की मी प्रोग्रॅममधला हा एकच आकडा आधी पाहतो. एकदा तो ५ सेकंद निघाला होता. मापन लवकर संपावं म्हणून.

प्रोग्रॅम आणि वायर

दोन प्रोग्रॅम एकाच वेळी कंट्रोलरशी बोलत नाहीत ना, ते पाहा. एक मापनाचा आणि दुसरा कुणीतरी ‘फक्त बघायला’ उघडून ठेवलेला. उत्तरं एकमेकांत मिसळतात, एकाला दुसऱ्याचा आकडा मिळतो आणि तो तेच नवं लक्ष्य म्हणून पाठवतो. सीरियल पोर्ट असेल तर वेग आणि ओळ संपल्याची खूण दोन्हीकडे सारखी आहे का, तपासा. खात्री करायची सोपी रीत: संगणकाची वायर काढा, कंट्रोलर लोकलवर घ्या आणि पुढच्या बटणांनी एकदा हाताने चढवा. नीट चढला तर मॅग्नेटला बोल लावू नका.

वीज

कंट्रोलर यूपीएसवर हवा आणि त्या यूपीएसवर दुसरं काही नको. केव्हाही ट्रिप होणारा एक सप्लाय मी महिनाभर तपासत बसलो होतो. शेवटी लक्षात आलं की त्याच बोर्डवर रोटरी पंप आहे आणि तो सुरू झाला की ट्रिप होतो. क्वेंच ओळखण्यासाठी मॅग्नेटवरून वेगळ्या बारीक तारा आणल्या असतील तर त्याही पंपांच्या मोटरपासून दूर न्या.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही. आमच्याकडे बुधवारी रात्री मॅग्नेटमध्ये करंट ठेवून घरी जायचं नाही, असा नियमच आहे. लाइट गेलीच तर परत आल्यावर आधी गॉसमीटर, मग कंट्रोलर.

लीड्सचे जोड

इथून पुढे हात लावायचा आहे, म्हणून अट: गॉसमीटरवर शून्य, सप्लाय बंद, प्लग काढलेला. मॅग्नेटमध्ये करंट असताना लीड सुटली तर १२ हेन्रीची ती गुंडाळी करंट थांबू देत नाही. सुटलेल्या टोकाशी ठिणगी पेटते आणि व्होल्टेज जीवघेणं होऊ शकतं. या कामाला दोन माणसं असावीत, आणि पेसमेकर असलेलं कुणी ५ गॉसच्या रेषेच्या आत नसावं.

केबलच्या टोकाचे लग टर्मिनलवर घट्ट आहेत का, काळे पडलेत का, वॉशर आहे का, ते बघा. ढिल्या जोडाचा रोध २ मिलिओहम असेल तर ९० अँपिअरला तिथे १६ वॅट उष्णता निघते. जोड तापतो, रोध आणखी वाढतो, व्होल्टेज थरथरतं आणि एखाद्या क्षणी उडी मारतं. लग साफ करून नट आवळले की परत जोडणी करा, २० अँपिअरला थांबा आणि प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट मोजा. धन आणि ऋण बाजूंचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक बाजू दुसरीच्या दुप्पट असेल तर करंट शून्यावर आणून तिकडेच परत पाहा.

जोडांना मी इतका जपतो याला कारण आहे. १९ सप्टेंबर २००८ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे कण आदळवणाऱ्या यंत्रात, दोन मॅग्नेटमधल्या एका अतिवाहक जोडाला जेमतेम २०० नॅनोओहमच्या आसपास रोध होता. करंट ८,७०० अँपिअरवर गेल्यावर जोड वितळला, ठिणगी पेटली आणि सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडला. ५३ मॅग्नेट बोगद्यातून वर काढावे लागले. आपला मॅग्नेट त्यांच्यापुढे खेळणं आहे, मान्य. पण पुढच्या दुरुस्तीत त्यांनी क्वेंच ओळखणारी यंत्रणा जास्त तिखट केली, बोथट नाही. ट्रिपचा त्रास नको म्हणून ती बंद करून ठेवलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. तसं करायचं असेल तर मॅग्नेट चढवूच नका.

शेवटची घरची तपासणी: मल्टिमीटर

सप्लाय सुटा, फील्ड शून्य. हीटरच्या दोन पिनांमध्ये शीटवरचा रोध यायला हवा, आमच्याकडे ८० ओहम. अनंत दाखवला तर तार तुटलीय. आधी वरचा कनेक्टर उघडून सांधा पाहा, बऱ्याचदा तिथेच निसटलेला असतो. मग हीटर ते क्रायोस्टॅट आणि मॅग्नेट ते क्रायोस्टॅट, दोन्हीकडे मेगाओहम यायला हवेत. हे साध्या मल्टिमीटरनेच पाहा, मेगर (मोठं व्होल्टेज लावून गळती मोजणारं उपकरण) लावू नका. हेलियम वायू विजेला हवेपेक्षा फार कमी अडवतो, आणि मेगरचं व्होल्टेज जी गळती नव्हती ती तयार करेल.

इथे थांबा आणि मॅग्नेट बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरला बोलवा

वरचा कनेक्टर ठीक आहे पण हीटरची तार आतच तुटली आहे, किंवा मॅग्नेट क्रायोस्टॅटला कुठेतरी टेकतोय. याला क्रायोस्टॅट उघडावा लागतो आणि ते आपलं काम नाही.

हेलियम भरपूर, वेग निम्मा, तरी खरा क्वेंच दर वेळी त्याच कमी करंटला होतो. नवीन किंवा प्रवास करून आलेला मॅग्नेट सुरुवातीला दोन-चारदा क्वेंच होत होत वर सरकतो, ते चालतं. वर न सरकता तिथेच राहतो, ते चालत नाही. तिसऱ्यांदा करून पाहू नका.

क्रायोस्टॅटच्या अंगाला घाम किंवा बर्फ दिसतोय, हेलियम नेहमीपेक्षा वेगाने जातंय. आतला व्हॅक्यूम बिघडलाय.

क्रायोस्टॅटच्या मानेत बर्फ. पावसाळ्यात व्हेंट उघडा राहिला की दमट हवा आत शिरते आणि मान बुजते. सळईने टोचू नका, गरम हवा मारू नका, खोलीत माणसं थांबवू नका. वाफेला वाट नसेल तर आत दाब चढत असतो. मॅग्नेटला हात न लावता लगेच फोन करा.

फोन करताना हाताशी असू द्या: ट्रिपचा करंट आणि व्होल्टेज, प्रत्येक वेळचे वेगळे, रॅम्पचा वेग आणि व्होल्टेजची मर्यादा, हीटरचा करंट आणि थांबायचे सेकंद, ट्रिपच्या आधीची आणि नंतरची हेलियमची पातळी, गॉसमीटरचा आकडा चिन्हासकट, शेवटचं हेलियम कधी भरलं ती तारीख. भरताना फील्ड चालू होतं का, हा प्रश्न ते विचारतीलच. ट्रान्सफरची नळी पुरती थंड होण्याआधी आत घातली तर तिच्यातून आधी गरम वायू येतो, आणि तो थेट मॅग्नेटवर गेला तर क्वेंच अगदी खराखुरा होतो.